गोड कमी आहे

पहाटे साडेपाचला पातेलं चढवते.
सोयाबीनचं पीठ, गव्हाचे कोंब, साखर,
आगरची पूड. ती नीट विरघळली नाही
तर दिवसभर गुठळ्या, आणि व्हाल्देसीबाईंची बोलणी.
क्षार मोजून.
जीवनसत्त्वं खाली उतरवल्यावर, साठ अंशांच्या आत आलं की,
नाहीतर मरतात.
फॉर्मॅलिन त्याच्याही नंतर, खिडकीकडे तोंड करून.

मग नळ्या. काचेच्या, कापसाचे बोळे लावलेल्या,
एका ट्रेमध्ये ऐंशी, एका सकाळी चाळीस ट्रे.
दोन बोटं खाणं प्रत्येकीत. थिजलं की वर अंडी,
कागदासकट कापलेली,
माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक.
माझ्या लेकीला पहिला घास आईनं भरवला.
मी इथे होते,
तीन हजार दोनशे नळ्यांना वाढत.

ही ऊस पोखरणारी अळी.
खोडात शिरते, मागे भुसा टाकते,
आतून लाल करून सोडते.
आणि साओ पावलोपासून बसनं सहा तासांवरचं आमचं गाव,
त्याच्याभोवती नुसता ऊसच,
इतका की चर्चचा क्रूस
तोडणी झाल्यावरच लांबून दिसतो.

बाबांनी तो बावीस वर्षं तोडला.
आदल्या रात्री पेटवलेला, काजळी धरलेला,
दिवसाला आठ-नऊ टन.
डाव्या करंगळीचं पेर कुठल्याशा सरीत राहिलं.
तोडणाऱ्यांना इथे 'थंड जेवण' म्हणतात.
माणसांनाच. बघ, थंड जेवणांचा ट्रक चालला.
कारण डबा भरायचा रात्री तीनला,
उघडायचा उन्हात, बांधावर;
एवढ्या जाळलेल्या रानात
चूल तेवढी नव्हती.

आमच्याकडे एकशे चौदावी पिढी चालू आहे.
एकदा गंमत म्हणून
नळीत खऱ्या उसाचं कांडं ठेवलं.
अळीनं त्याला एक फेरी मारली
आणि परत कापसापाशी येऊन बसली.

वर्षातून दोनदा ओझियास शेतातून रानटी आणतो,
रक्त बदलायला.
त्यांचं उलट. दोन दिवस कशालाच शिवत नाहीत.
काच चढतात, पडतात, चढतात.
एक तर बोळा कुरतडून निघाली;
बेसिनच्या खाली सापडली, कोश करायच्या बेतात.
मी तिला परत ठेवलं.
नोंद केली नाही.

पंधराव्या दिवशी वेचायच्या.
दोन बोटांत धरून, दाब न देता,
डासाएवढ्या काळ्या गांधीलमाशीपुढे.
पापणी लवायच्या आत तिचं काम होतं.
अळी पुन्हा खायला लागते,
काही झालंच नाही अशी.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
यात कुणी कुणाच्या, ते मी बघत नाही.
दहा-बारा दिवसांनी तिच्या कुशीतून
पांढरे कोश बाहेर पडतात, पिंजलेल्या कापसासारखे,
आणि पेल्यांत भरून उसात जातात.
ती रिकामी होऊन नळीतच राहते.
नळ्या मीच धुते.

बाबा एकदाच आले इथे,
पेन्शनच्या कागदावर माझी सही हवी होती.
बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या, टोपी हातात.
एक नळी उजेडात धरून म्हणाले,
"हीच? हिला दिसली की उभी चिरायचो."
मग पातेल्याकडे वळले. नुकतंच उतरवलं होतं.
वाफेवर दोन्ही तळवे धरून उभे राहिले,
बराच वेळ, कुणी सांगितल्यासारखे.
"रोज गरम?"
"रोज."

आणि मी ओरडायच्या आत
डावाच्या कडेचं बोटानं पुसून तोंडात घातलं.
फॉर्मॅलिन बाकी होतं, नशीब.
जीभ फिरवली, डोळे मिटले,
कारखान्यात उतारा तपासणाऱ्या साहेबासारखे.
"गोड कमी आहे."

काचेपलीकडून व्हाल्देसीबाई बघत होत्या.
मी थर्मामीटर उचलला. एकसष्ट.
"थांबा," म्हटलं, "अजून ओतायचं नाही."
ते थांबले.