हजारात तेरा

तार्तू, फेब्रुवारी. एमायगी नदी इतकी गोठलेली
की सरपणाच्या घसरगाड्या पुलाकडे बघतही नाहीत.
आम्ही रात्री मोजायला बसायचो.
दिवसा वरच्या वर्गात बाकं सरकतात,
आणि आमचा सगळा कारभार कानावर.

दोन खोल्यांपलीकडे, जुन्या कोटात गुंडाळलेली
एक कॉइल डासासारखी गुणगुणते.
ती गुणगुण तारेतून येते, काचेच्या कुपीत उतरते,
काळ्या प्लॅटिनमच्या दोन पत्र्यांमध्ये
ॲसेटिक आम्लाला विचारते: जाऊ का?
आम्ल नाइलाजाने जराशी वाट देतं.
मीटरभर तारेवर काटा सरकवायचा,
टेलिफोनच्या कर्ण्यातला आवाज मरेल तिथे थांबायचं,
आकडा लिहायचा. एवढंच.

पाणी मी तीनदा ऊर्ध्वपातित केलेलं.
पाण्यावर वाकून बोलायचं नाही, हा कारेल वाह्त्रांचा नियम:
श्वास विरघळतो, मग पाणी खोटं बोलायला लागतं.
ते स्वतः तर कशावरच वाकून बोलायचे नाहीत.
"हेल्मी, पंचवीस अंश" म्हणजे हौदाखालची ज्योत बारीक कर.
नुसतं "हेल्मी" म्हणजे उशीर झाला, घरी जा.

एका रात्री मी त्यांच्या वहीतले आकडे
चौकटीच्या कागदावर मांडले.
बिंदू रेषेवर बसले. सगळेच्या सगळे.
खरे बिंदू असे बसत नाहीत.
खरा बिंदू थोडा वर, थोडा खाली,
ज्योत हलली म्हणून, कुणी खोकलं म्हणून.
मागच्या वर्षीची वही काढली.
तेच आकडे. तेच दशांश.

आणि मंगळवारी बॅटरी संपली.
मला पलीकडच्या खोलीत गेल्यावर कळलं:
कॉइल गप्प, कधीची कोण जाणे.
परत आले तर कारेल कर्णा कानाला लावून,
डोळे मिटून, काटा सरकवत होते.
डावीकडे. थोडं उजवीकडे.
थांबले. लिहिला आकडा.

मी बॅटरी बदलली. काही बोलले नाही.
दुसऱ्या दिवशी म्हटलं, थंडीनं माझा हात कापतो,
काटा तुम्हीच सरकवा, ऐकते मी.
त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. तो कापत नव्हता.
मग कर्णा दिला. त्याला त्यांच्या कानाची ऊब होती.
आवाज बसला की मी त्यांच्या मनगटावर बोट टेकवायची.
जुन्या वहीची पानं त्यांनी स्वतः फाडली,
शेगडीत टाकली, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

आम्ल दाट असताना हजारातले तेरा रेणू फुटलेले.
बाकीचे घट्ट, कडी लावून.
दहापट पाणी घातलं: बेचाळीस.
आणखी दहापट: सव्वाशे.
जितकं एकटं सोडावं तितकं मोकळं होतं हे आम्ल.

पण पुरतं मोकळं झालं तर किती वाहून नेईल?
तिथवर पाणी घालत जाता येत नाही,
कुपीत शेवटी पाणीच उरतं.
म्हणून आडवाटेनं:
हायड्रोक्लोरिकचं घ्यायचं, सोडियम ॲसेटेटचं मिळवायचं,
मिठाचं वजा करायचं.
तीनशे नव्वद पूर्णांक सात. कधीच न दिसलेलं,
तिघांच्या जबानीवरून ठरवलेलं.
प्रत्येक मोजणीला त्यानं भागलं,
आणि तिन्ही पाण्यांतून एकच स्थिरांक आला,
एक पूर्णांक आठ, दशांशचिन्हामागे चार शून्यं सोडून.
तिन्ही वेळा थोडा वर, थोडा खाली.

कारेलनी कागद दिव्याखाली धरला.
"हेल्मी," म्हणाले. मी कोट घ्यायला उठले.
"बस. कसा असतो तो आवाज आता?
बंद होतो का अगदी?"

नाही, मी म्हटलं, त्यांच्या चांगल्या कानाशी, मोठ्यानं.
अगदी बंद कधीच होत नाही.
काट्याच्या डावीकडे एक कुजबुज, उजवीकडे तेवढीच.
दोन्ही सारख्या झाल्या
की मधोमध रेघ मारायची.

"हो," ते म्हणाले, "तसाच असायचा."