शेवटचं नाव

दूध संस्थेच्या बिलात
शेवटचा सभासद रोज गळायचा.
तीन दिवस शोधलं. निघालं काय,
तर एक बरोबरचं चिन्ह कमी.
टाकलं. चाललं.
चहावाल्यालासुद्धा सांगण्यासारखं नव्हतं.

चारला शाहू स्टेडियम.
पायऱ्या तापलेल्या, खिशात फुटाणे,
शेजारी तालमीतला रंगराव
पंचाला आईमाईवरून नियम शिकवतोय.
टायब्रेकर. चार-चार.
पाचवा आमचा सुहेल.
चेंडू ठेवला, उचलला,
शर्टाला पुसून परत ठेवला.
"मार की लेका!"

बार.
तो आवाज अजून कानात आहे.

आज पेठेत हलगी नाही.
गच्चीवर कबुतरांना पाणी ठेवलं,
एक मादी अजून परतलेली नाही.
लॅपटॉप उघडून यादी खाली खाली नेली :
आक्काताई शंकर खोत,
सव्वा लिटर, म्हैस.

आहे.
झाकण तसंच उघडं ठेवून झोपलो.