पोटखराबा

सातबाऱ्यावर एक ओळ असते, सहसा कुणी वाचत नाही:
पोटखराबा, सदतीस आर.
म्हणजे जिथं पेरा नाही, आकार नाही,
बोटभर माती, खाली मुरूम,
त्याखाली काळा फत्तर.

भूमच्या वरच्या अंगाला
बालाघाट जिथं पाय पसरून बसलाय
तिथं गट नंबर दोनशे चौदा मोजायला गेलो
भादवा उतरताना.
उस्मानमामू साखळी ओढत पुढं,
मी फळी घेऊन मागं.

त्या बोटभर मातीत कुर्डू
गुडघ्याएवढा उभा, खालून पांढरा पडत चाललेला,
टोकाला अजून गुलाबी.
फत्तराच्या भेगेत विष्णुक्रांता,
शर्टाच्या गुंडीएवढी निळी.
साखळी दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर मिटलीसुद्धा.
पाणी जिथं घटकाभर थांबून गेलं होतं
तिथं तेरडा, दाटीवाटीनं.
आणि तरवड. तरवड कुठंही.

चांगुणा मेंढ्या वळत आली.
"काय लिहून घेऊलालाव, साहेब?"
"खराबा."
तिनं तरवडाची एक फांदी मोडली,
पदराखाली डोक्यावर ठेवली, उन्हाला.
"शेळी ह्याला तोंड लावत नाही," म्हणाली,
"मुळी माणसाहून खोल जाती.
माती सरली की दगडाला वाट पुसती."
आणि मेंढ्यांना शीळ घालून निघून गेली, थोडी लांब.

दोघं भाऊ दोन टोकांना,
एकमेकांकडं पाठ करून.
हद्दीचा दगड सापडेना.
नकाशात होता, निजामाच्या वेळचा,
जमिनीवर नव्हता.
तिसऱ्या फेरीला मामू थांबले.
बोराटीला पानांची टोकं गुंडाळून
कळलावी चढली होती,
फुलं उलटी, लाल-पिवळी,
चुलीतला जाळ कुणी बोटांनी वर ओढल्यासारखी.
तिच्या बुडाशी दगड.

"हात लावू नगा," लांबूनच चांगुणा ओरडली,
"घरात नेली की भांडण लागतं!"
मामू खाली बसून माती सारत म्हणाले,
"वो तो कब का लग गया, बाई."
धाकटा हसला. थोरला हसला नाही,
पण वळून बघितलं त्यानं.

माती सरकली तसा गड्डा दिसला,
वाकडा, फाळासारखा,
अर्धा ह्या वाटणीत, अर्धा त्या.
नांगर चालत नाही म्हणून लिहिलेल्या जागी
जमिनीनं आपला एक ठेवलेला.
मामूंनी परत माती लोटली.
मी खूण दगडावर केली, वेल बाजूला धरून.

शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं:
हद्द कायम. दगडावर कळलावी.
कचेरीत दुसरी ओळ खोडली गेली,
बरोबरच आहे, तिला आकार लागत नाही.

रात्री धाराशिवला, पायरीवर बसून
मोज्यातली कुसळं उपटत होतो,
पायजम्याला चिकटलेलं आघाड्याचं बी,
दुमडीत कुर्डूचे चार काळे दाणे, मोहरीहून बारीक.
नळाजवळ झटकले.
सदतीस आरातलं किती कमी झालं,
ते काही मोजलं नाही.