हत्ती म्हणजे

सोळा जूनला पुस्तकं आली, नव्या अभ्यासक्रमाची.
मराठीची. टेम्पोभर.
कन्नडची छपाईत आहेत, संखच्या केंद्रावर सांगितलं,
तोवर याच्यावरच चालवा गुरुजी,
चित्रं तर सारखीच आहेत.

चित्रं सारखीच होती, हे खरं.

म्हणून मी तक्ता टांगला पहिलीच्या भिंतीवर,
पट्टी टेकवली: ह, हत्तीचा.
अकरा पोरं सोंडेकडे बघत राहिली.
नीलव्वा उठली. न विचारता घरी गेली,
घर काय, शाळेच्या नळापलीकडेच,
आणि अव्वाच्या वातींच्या डब्यातला चिमूटभर कापूस
माझ्या हातावर ठेवून म्हणाली:
हत्ती.

चौथीतल्या बसगोंडानं मला समजावलं,
मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं:
सर, हत्ती अंद्रे कापूस. सोंडवालं ते आने.
मला आणे माहीत होते
ते सोळा मिळून रुपया होणारे.
नऊ वर्षं झाली मला या जत तालुक्यात.

जुलैत मिरजेला तीन दिवस प्रशिक्षण.
पडद्यावर गोल, गोलाच्या मधोमध मूल,
मुलापासून बाहेर जाणारे बाण.
घरची भाषा हा पूल आहे, असं एका बाणावर.
मागच्या रांगेतून रेवप्पा बगली गुरुजींनी विचारलं,
आमची पुस्तकं कधी?
ते शेवटच्या सत्रात घेऊ, म्हणाले.
शेवटच्या सत्रात प्रमाणपत्रं वाटली.
दारावर कापडी फलक होता: भाषा मने जोडते.
बगली गुरुजी चपला घालता घालता म्हणाले,
मने म्हणजे आमच्यात घर.
मग हसले. मी उशिरा हसलो.

वेळापत्रकात कन्नडचे आठ तास होते, पाच झाले,
त्यातला एक शनिवारी सकाळी पहिला,
जेव्हा निम्मी पोरं अजून शेळ्या सोडत असतात.
कुणी काही बंद केलेलं नाही.
आदेशात तसा शब्द कुठंही नाही, मी दोनदा वाचला.
फक्त पोर्टलवर मातृभाषेला चौकोन एकच आहे
आणि पटसंख्या अठ्ठावीस.

मला हे सगळं कुणाबद्दल तरी वाटायचं.
म्हणजे त्यांच्याबद्दल. मराठी ती मोठी,
जिच्या टेम्पोला जागा पुरत नाही.
दसऱ्याला विट्याला गेलो, लेकीला म्हटलं,
किराणाचे एकोणसत्तर रुपये देऊन ये.
ती दारातूनच परतली:
पप्पा, म्हणजे किती?
शाळा मीच निवडली होती. फीसुद्धा वेळेवर भरतो.

आणि अथणीकडं आत्याच्या गावात
मराठी शाळेचं हेच चाललंय म्हणे, उलट्या बाजूनं.
तिथं कुणीतरी कन्नड मास्तर
आमच्या पोरांपुढं तक्ता टांगत असणार
आणि एखादी धीट पोरगी
त्याला हत्ती कुठला ते दाखवत असणार.
त्याचा फोन नंबर मिळाला तर बरं होईल.
काय बोलणार, माहीत नाही.

दिवाळीनंतर कन्नड पुस्तकं आली. सात.
कोपऱ्यातला कोड मोबाइलनं उघडला,
आतली बाई मराठीत बोलत होती, गोड.

तोवर नीलव्वा शिकली होती.
पट्टी टेकवायच्या आतच ओरडायची: हत्ती!
बोट सोंडेवर, अचूक.
मी रकान्यात लिहिलं: निष्पत्ती साध्य.

परवा नळावर तिच्या अव्वानं मला थांबवलं.
घागर खाली ठेवली, मराठी जुळवली, सावकाश:
सर, पोरगी वातीच्या डब्याला कापूस म्हणते आता.
मी म्हणते हत्ती, तर हसते मला.
शिकली म्हणायचं, हो ना?

हो, म्हणालो मी.
गाडीला तीनदा किक मारावी लागली.