पंखा स्वच्छ

बावधनच्या बेसमेंटमध्ये
जमेनीसांनी फाइल दिली, पीयूसीसकट.
मी शंकेखोर. बॉनेटच्या आधी कागद उघडतो.
किलोमीटर जुळतात. हायब्रिड बॅटरीची तपासणी
दरवर्षी, एकाच गॅरेजात.

एकोणीस साली: मागच्या सीटखाली,
बॅटरीच्या पंख्यात केस. काढले.
वीस: पुन्हा केस.
एकवीस: केस!! मालकांना सांगितले.
बावीसला नुसतंच: पंखा स्वच्छ.

"कुत्रा होता का हो?"
"बॅटरी उत्तम आहे," ते म्हणाले,
आणि मागच्या सीटवरून हात फिरवला,
लव बसवावी तसा,
एकाच दिशेनं.

चांदणी चौकापर्यंत चालवून पाहिली.
सिग्नलला इंजिन गप्प झालं,
इतकं, की त्यांचं घड्याळ ऐकू आलं.
हिरवा पडला.
शेजारी बसलेल्या जमेनीसांनी हात मागे नेऊन
डावी काच उतरवली,
अर्धीच.