डाव्या कानाचा टवका

लाकूड पांगाऱ्याचं, चाळीस रुपये.
रंग नि सरस साठ.
लुगड्याची चिंधी घरचीच, ती मांडत नाही.
इथवर कोटेशन सरळ चालतं.
मग ती ओळ येते जिथं पेन थांबतो :
चेहऱ्याचे किती?

चार दिवस मी कवडूच्या किराण्यासमोर उभी होते.
पाव पाव करत दीड किलो मीठ घेतलं,
कारण उधारी मागताना
त्याची एकच नाकपुडी हलते, उजवी,
आणि ते लाकडात कसं आणावं कळत नव्हतं.
ते चार दिवस कोणत्या रकान्यात लिहू?

बाहुला मलेरियावाल्या साहेबांना हवा होता,
गावोगाव मच्छरदाणीचा खेळ दाखवायला.
नाव मीच ठेवलं, घोंगेबुवा.
अठराशे ठरले, सोळाशे आले.
दोनशे कापले, म्हणे तुमची प्रसिद्धी होईल.

शेवटच्या रात्री लाइट गेली.
पटाशी सरकली,
डाव्या कानाचा टवका उडाला.
भुसा नि सरस कालवून भरला असता,
पण सकाळी सातला जीप दारात.

पुढच्या दिवाळीआधी साकोलीच्या बाजारात
ताडपत्रीखाली
रबराचे तेवीस घोंगेबुवा,
सुकटीसारखे उलटे टांगलेले.
एकशेवीसला एक, दोन घेतले तर दोनशे.
मी नाक पाहिलंच नाही,
आधी कान पाहिला.
तेवीसही डाव्या कानांना
तोच टवका.
माझी अंधारातली रात्र
कोणीतरी साच्यात ओतली होती.
विकणारा पोरगा म्हणाला,
"कान असाच राहते मावशी, डिझाइन हाय."

भंडाऱ्याला वकील बोरकुटे म्हणाले,
कागद आहे? नाही.
ऑर्डर त्यांची, पैसे त्यांचे,
मग चेहरा तुमचा कसा?
म्हटलं, चेहऱ्याचं जाऊ द्या,
टवका माझा आहे.
ते हसले. मग चष्मा काढून
हसायचे थांबले.
"चूक सिद्ध करता येईल, बाई.
भरपाई किती लिहू?"
आणि पुन्हा तीच ओळ, तोच पेन.

मी परत येईस्तोवर बातमी कवडूकडे पोचली होती.
साखर जोखता जोखता म्हणाला,
"तुमचा, का साहेबाचा, का साचेवाल्याचा,
भांडा बापा.
पन नाक तं माह्या बापाचं हाय.
माह्या नाकाचे किती, निरूबाई?"
उजवी नाकपुडी हलली.
मला उत्तर सुचलं नाही.
मागचे मिठाचे राहिले होते, ते दिले.

आता बिलाखाली लाल शाईनं लिहिते :
चेहरा वापरायला दिला, विकला नाही.
साचा काढायचा तर आधी विचारावे.
पवनीच्या एका शाळेनं ते वाचलं
आणि ऑर्डर परत घेतली.
लाखांदूरचे एक गुरुजी मात्र आले,
विकत नाही तर तीन हजार कशाचे, म्हणाले.
बसा म्हटलं, चहा ठेवते.
सांगायला वेळ लागेल.
ते बसले. ठरलं बाविसशेवर.
त्यातले शंभर कवडूला नेऊन दिले,
त्यानं मोजून गल्ल्यात टाकले,
वहीत मात्र लिहिले नाहीत.

काल शेजारची खुशाली दारात उभी,
हातात रबराचा घोंगेबुवा,
उजव्या हाताचा दोरा तुटलेला.
"तुमचाच हाय ना हा?"
आत जाऊन चष्मा आणला,
तेवढ्या वेळात हो म्हणायचं का नाही
हे ठरलं नाही.
उंबऱ्यावर बसून
चांगला मेणाचा दोरा ओवला,
गाठ दातानं आवळली.
हात उचलून पाहिला, सलाम केला बुवानं.
दहा रुपये, म्हटलं.
तिनं दोन पाचाची नाणी ठेवली.
कानाला मात्र
मी हात लावला नाही.