खिडकी कधी उघडायची

जानेवारीत कोणी भिंत रंगवतं का,
त्सेवेलमाबाई बूट काढता काढता म्हणाल्या.

उलानबातर, उणे एकतीस.
उत्तरेच्या उतारावर, गोल तंबूंच्या वस्तीत
धुराड्यामागे धुराडं.
कोळसा वर चढत होता,
म्हणजे चढतही नव्हता,
डोंगरांच्या वाटीत साय धरून बसला होता, काळी.

मार्चमध्ये बाळ येणार होतं.
सोलोंगोला हिरवा हवा होता,
बर्फाखालून पहिल्यांदा डोकावणाऱ्या गवताचा.
डबा आणून ठेवला होता मी, स्वस्तातला.
खिडकी उघडावी तर बाहेरचं आत,
मिटावी तर आतलं आतच.
इकडे आड, तिकडे विहीर,
आणि दोन्ही गोठलेल्या.

तीस वर्षं त्यांनी सरकारी इमारतींचे जिने रंगवले.
तेलरंग, टर्पेंटाइन, हिवाळ्यात बंद दारं,
तोंडाला फडकं, तेही थंडीसाठी.
झाकण उचकटून डबा माझ्या नाकाशी धरला:
"सांग, कसा येतो?"
मला वाटलं, परीक्षा घेताहेत.
"मला नाही येत," त्या म्हणाल्या.
"कशाचाच नाही. चहा करपला तरी शेजारीण सांगते."

तो डबा परत गेला.
दुसरा आला, पाण्यात कालवायचा,
दुप्पट किमतीचा, जेमतेम वासाचा.
"वास नाही म्हणजे काहीच नाही, असं धरू नकोस.
मांजर दिसत नाही म्हणून
दूध उघडं ठेवतात का?"
आणि जुना थर कोरडा घासायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा:
"त्यात काय काय आहे मला माहीत आहे.
या इमारतीत मीच घातलंय."

सोलोंगोला दार्खानला बहिणीकडे पाठवलं.
रंग माझा, खोली माझी, आणि जायचं मी?
स्टेशनवर ती बोलली नाही.
गाडी हलताना काचेवरच्या वाफेत
बोटानं एक चौकोन काढला,
मधोमध एक उभी रेघ.
खिडकी.

मग आम्ही वाऱ्याची वाट पाहिली.
मी फोनवर धुराचा आकडा बघायचो,
त्या बघायच्या पलीकडच्या बॉयलरची चिमणी.
बुधवारी दुपारी चिमणीचा धूर आडवा पडला
आणि त्या ओरडल्या, "आता!"

पंखा खिडकीत, तोंड बाहेर.
स्वयंपाकघराची खिडकी बोटभर, तिथून ताजी हवा.
पंधरा मिनिटं उघडं, मग मिटायचं,
रेडिएटरला श्वास घेऊ द्यायचा,
कारण रंगालाही हुडहुडी भरते, म्हणाल्या,
आणि कुडकुडणारा रंग भिंत धरत नाही.
मी अंगात दोन कोट घालून हिरवा फासत होतो.
दर थोड्या वेळानं त्या विचारायच्या,
"डोकं दुखतंय? डोळे चुरचुरतायत? खरं सांग."
एकदा मी खोटं बोललो.
त्यांनी ब्रश काढून घेतला आणि मला जिन्यात बसवलं,
आपणच रंगवलेल्या जिन्यात.

त्यानंतर महिनाभर मी स्वयंपाकघरात झोपलो,
खोलीचं दार लावून, फटीत ओला टॉवेल कोंबून.
वारा आला की उघडायचो, पडला की मिटायचो.
रात्री दोनलाही.
वाऱ्याला घड्याळ नसतं.
फोनवर सोलोंगो विचारायची, कसा दिसतो?
मी म्हणायचो, थांब.

एप्रिल उजाडला होता, मुलगी पंधरा दिवसांची,
तेव्हा त्सेवेलमाबाई आल्या, हातात वाळलेल्या दह्याचे खडे.
आमच्याकडे म्हातारी माणसं पापा घेत नाहीत,
लेकराचं टाळू हुंगतात.
त्या वाकल्या. लांब श्वास घेतला.
मी भिंतीकडे बघत राहिलो,
कोपऱ्यात माझा एक ओघळ राहून गेला होता.

मग त्यांनी मान न वळवताच विचारलं,
"सांग, कसा येतो?"

मी वाकलो.
खोलीला कसलाच वास उरला नव्हता,
म्हणून तर तो लगेच सापडला.
"दुधाचा," म्हटलं. "आणि थोडा, उन्हात ठेवलेल्या लोकरीचा."
त्यांनी मान हलवली,
बरोबर उत्तराला हलवतात तशी,
आणि पुन्हा एकदा वाकल्या.